तोफेचं तोंड डावीकडं

मु. उंद्री, ता. चिखली
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८९३

तीर्थरूप काकांच्या पायांशी रुख्मिणीचा नमस्कार, आणि काकूंनाही. तुमची कंबर आता कशी आहे? जळगाव जामोदच्या फेरीला अजून तीच एस.टी. देतात का, जिचा गिअर टाकताना तुम्हाला सीटवरून अर्धं उठावं लागतं? काकूंचा खोकला गेला असेल असं धरून चालते; नसेल गेला तर कळवा, म्हणजे काळजी करीन. आमच्याकडं सगळे बरे आहेत. मामंजींना सर्दी झाली आहे, पण तिला कारण मीच आहे. ते पुढं येईलच.

आधी माझी चूक दुरुस्त करते, म्हणजे बाकीचं लिहायला हात मोकळा होईल. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, पत्र्याचा रणगाडा सगळा जमला, फक्त ड्रायव्हरचं झाकण माझ्या हातून बिघडलं. तोफ जरा उजवीकडं वळली की तिची नळी बरोबर झाकणावर येते आणि ते उघडत नाही, तर माझं माप कुठं चुकलं ते कळवावं. काका, ते मी चुकीचं लिहिलं होतं. माप चुकलेलं नाही. तुमच्या कार्डावर दोनच ओळी होत्या: तुझं माप बरोबर आहे, बाकी भेटीत बोलू. माझ्या लग्नात तुम्ही नुसत्या वांग्याच्या भाजीवर पंगत उठेपर्यंत बोलत होता. त्या माणसाच्या दोनच ओळी आल्या, त्यावरूनच मला कळलं. म्हणजे खऱ्या गाडीतही असंच आहे. तोफ उजवीकडं असली की ड्रायव्हरला वरच्या वाटेनं बाहेर पडता येत नाही. आणि आमच्या घरचा ड्रायव्हर कोण, हे तुम्हाला सांगायला नको (नाव लिहीत नाही, सवय नाही).

हे मी घरात कोणाला बोललेले नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. त्यांना कळलं तर काय होईल, हा सध्या माझ्यापुढचा एकच प्रश्न आहे. तो नीट समजायला तुम्हाला थोडं मागं न्यावं लागेल, तेवढं सोसा.

लग्नानंतर हे रजा संपवून पलटणीत गेले, आणि दोनच दिवसांनी गावातल्या कोणीतरी शहाण्यानं सासूबाईंना सांगितलं की, रणगाडा म्हणजे चारी बाजूंनी बंद लोखंडी पेटी, तिला खिडकी नसते. त्या दिवसापासून त्यांनी घरातलं एकही दार लावू दिलं नाही. दार लावलं की तिकडं त्यांच्या पोराचा जीव गुदमरतो, असं त्यांच्या मनानं घेतलं. रात्री पुढचं-मागचं दार सताड उघडं. कुत्र्यानं टोपलीतल्या भाकरी नेल्या. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची शेळी एका सकाळी माझ्या उशाशी उभी होती. पुढं पुढं तर त्या पिठाच्या डब्यालाही झाकण लावू देईनात, मग पिठात पोरकिडे झाले, आणि ते चाळता चाळता मला वाटलं की, यांना आत दार आहे, बसायला जागा आहे, उजेड येतो, हे डोळ्यांनी दाखवल्याशिवाय हे घर काही बंद व्हायचं नाही. (खरं लिहायचं तर मलाही बघायचं होतं. ते कुठं बसतात हे मला तरी कुठं माहीत होतं? विचारायचं राहून गेलं. रजा लहान होती आणि पाहुणे फार होते.)

तुम्ही एस.टी.च्या आधी पलटणीत हीच गाडी चालवलेली, म्हणून ज्येष्ठात तुम्हाला बोलावलं. त्या दिवशी अंगणात काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही डोळे मिटून होता. मी चुन्यानं खऱ्या मापाची गाडी आखली, तुम्हाला पालथ्या घमेल्यावर बसवलं, हातांत दोन उलथणी दिली आणि चालवा म्हटलं. तुम्ही म्हणालात, सहा वर्षं झाली, आता काय आठवणार. आणि डोळे मिटलेत. काका, मी बाबांच्या हाताखाली वाढले. कामात बुडालेला माणूस मी पाहिलेला आहे. पण असं कधी पाहिलं नव्हतं. तुमचा डावा हात मागं गेला आणि हवेत एका जागी थांबला, तिथं मी गज लावला. तुम्ही तो पुन्हा नेलात, तेव्हा तो त्याच जागी थांबला, सुताचाही फरक नाही. गुडघा कुठं आपटतो, डोकं कुठं वाकवायचं, तोफेचे गोळे कोणत्या खांद्याशी असतात, सगळं तुमच्या अंगानं सांगितलं आणि मी नुसत्या खुणा करीत गेले. तुम्ही तोंडानं इंजिनाचा आवाज काढायला लागलात तेव्हा अन्नपूर्णाबाई हळदकुंकू घेऊन धावत आल्या आणि हात जोडून विचारू लागल्या की, देव कोणता हाय न काय मांगते. मामंजी म्हणाले, "पेट्रोल मांगते." तरी त्यांनी तुमच्या कपाळाला कुंकू लावलंच. ते तुम्ही संध्याकाळपर्यंत पुसलं नाहीत, म्हणून वाटलं, माहीत असेल.

मग फुटाला इंच धरून कामाला लागले. तुम्हाला माहीतच आहे, बाबांनी मला शाळेच्या आधी फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं अक्षरं शिकवली, आणि अक्षर रेघेबाहेर गेलं की फळीवर रंधा मारून पहिल्यापासून काढायला लावायचे. ती खोड गेलेली नाही. ड्रायव्हरची सीट मी चारदा काढली. सांगाडा बाभळीचा, वरून पत्रा. पत्र्यासाठी घरातला वनस्पतीचा डबा गेला, मग चहाचा, मग बिस्किटांचा, मग ज्यात मामंजी बी-बियाणं ठेवतात तो. चाकांना दोऱ्याची रिळं, पट्ट्यांना सायकलच्या जुन्या साखळ्या. तोफेला सरळ नळी कुठं मिळेना, तेव्हा मामंजींच्या छत्रीची दांडी काढली. विचारून काढली, पण ते तेव्हा पेंगत होते. आता ते छत्रीचं नुसतं कापड डोक्यावर धरून वखर दुरुस्तीला जातात, आणि सर्दीचं मूळ ते. (हे पत्र मध्येच कोणी उघडून वाचलं तर? म्हणून आतले आकडे लिहीत नाही. रणगाड्यावर रात्री पोतं टाकते, ते त्यासाठीच. घरात म्हणते, धुळीसाठी.)

तुम्ही सांगितलं तसा आतून पांढरा रंग दिला. पत्र्याची सगळी धार कानशीनं मारली, कारण आत कोणाचा तरी हात लागणार, मग तो कितीही लहान असो. शेवटी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर फुटक्या आरशाचे दोन तुकडे तिरपे बसवले, वरचा बाहेर बघणारा, खालचा आत. बसवल्यावर सहज भोकाला डोळा लावला आणि काका, मी तशीच बसून राहिले. आतल्या अंधारात दोन बोटं रुंदीची उजेडाची पट्टी होती, आणि त्या पट्टीत आमचं सगळं अंगण. तुळस, रांजण, मामंजींच्या वहाणा. सगळं रोजचंच, पण एवढुशा फटीतून आल्यानं पहिल्यांदा दिसावं तसं. हे असं बघतात. सगळा मुलूख असा पट्टी-पट्टीनं बघत पुढं जातात. मला वाटत होतं मी खेळणं करते आहे. तेव्हा कळलं की मी एक जागा केली आहे आणि तिथं माणूस आहे.

सासूबाईंना दाखवलं ते पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी तोफेच्या फिरत्या बुरुजाचं छत उचललं, आणि त्यांनी आत असं बघितलं, जसं मुलीचं सासर बघतात. पाय कुठं ठेवते, पाणी कुठं ठेवते, डोक्याले लागत असंन. पाणी उकळायचं भांडं दाखवलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. "आत चहा बी होते?" मग पांढऱ्या भिंतींवरून बोट फिरवून म्हणाल्या, "चुना देल्ला हाय. म्हंजे घरच हाय म्हना." आरशातून त्यांनी फार वेळ बघितलं. नंतर उठून देवघरातून चार सुपाऱ्या आणल्या. पूजेत हजर नसलेल्या माणसाच्या जागी ठेवतात ना, तशा. एक ड्रायव्हरच्या सीटवर, एक गोळे भरणाऱ्याच्या जागी, एक तोफ चालवणाऱ्या गनरच्या, एक वरच्या साहेबाच्या. एकटा कसा राहीन तो, म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी स्वतः उठून पुढच्या दाराला कडी घातली. काका, त्या कडीचा आवाज मी अंथरुणातून ऐकला, आणि बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

महालक्ष्म्यांच्या आराशीत रणगाडा मांडायचं त्यांच्याच मनात आलं. मांडला, तर तोफ थेट धाकट्या महालक्ष्मीवर रोखलेली. अन्नपूर्णाबाई कुजबुजायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनी दोन बोटांनी बुरूज फिरवून तोंड डावीकडं केलं. ते बरोबरच झालं. पण महालक्ष्म्या गेल्या, रणगाडा कोनाड्यात आला, आता समोर कोणी देव नाही, तरी त्या तोफ डावीकडंच ठेवतात. मी झाडता-पुसता सरळ करते, संध्याकाळी बघावं तर पुन्हा डावीकडं. वयानं होतं असं, मी समजून घेते. सुपाऱ्यांचंही त्यांच्या लक्षात राहत नाही. रोज कुंकू लावतात ते ड्रायव्हरला सोडून गनरला. मी दोनदा सांगितलं की, आत्याबाई, हे नव्हेत, ते पुढचे. त्या हो हो म्हणाल्या आणि पुन्हा गनरलाच बोट लावलं.

तर प्रश्न हा. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या छत उचलून दाखवतात आणि म्हणतात, हे माह्या पोराचं दार. आणि त्या दाराचं खरं काय ते मला माहीत आहे. न सांगावं तर मी त्यांना पत्र्याची थाप दिल्यासारखं होतं. सांगावं तर पुन्हा सगळी दारं उघडी, आणि आता तर सरहद्दीकडच्या बातम्यांसाठी मामंजी रेडिओ लावतात आणि आम्ही आत आलो की बंद करतात. झाकणाची जागा बोटभर सरकवून टाकावी, म्हणजे अडणारच नाही, असंही एकदा मनात आलं. पटाशी हातात घेतली होती. पण माझं झाकण सरकलं म्हणून खरं थोडंच सरकणार आहे? ठेवून दिली. मी ठरवलं आहे की खंडेनवमीला, हत्यारं पूजेत मांडताना, तोफ उजवीकडं वळवून त्यांना दाखवायचं आणि सगळं सांगायचं. तुम्ही त्या दिवशी इथं असाल तर मला धीर येईल. बाकी काय लिहू. बाबांची खुशाली तुम्हाला कळत असेलच. काकूंना औषध वेळेवर घ्यायला लावा.

तुमची,
रुख्मिणी

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि काकांना एवढं मोठं काय लिहितेस म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, झाकणाचं. थाप मारता आली नाही. त्या गवार मोडत होत्या, तशाच मोडत राहिल्या. म्हणाल्या, "उजवीकडं गेलं का दार अडते, ते मले महालक्ष्म्याईच्या दिवशीच समजलं. सुपारी काढाले गेली तं झाकण उघडेच ना. म्हून तं तोंड डावीकडं करून ठेवतो."

मग मला काऊन नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुह्यानं झोपनं होत नव्हतं आधीच. रात्री उठू उठू आरशातून पाहे तू. तुले आनखी काय सांगू?" म्हणजे काका, झाकणाचं कळल्यावरही दारं त्या लावून घेत होत्या ती माझ्यासाठी. मीही गवार घेतली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की, तोफ फिरवते कोन, माहा पोरगा का? मी म्हटलं, नाही, गनर. त्या म्हणाल्या, "ते मले ठाव हाय, त्यालेच तं कुकू लावतो. माह्या पोराच्या दाराची किल्ली त्याच्यापाशी हाय. त्या लेकराले लाडू धाडू."

दुसरी ता. क. तेव्हा खंडेनवमीचं वर लिहिलेलं रद्द समजा, आणि यायची धावपळ करू नका, कंबरेला त्रास होईल. फक्त एक करा. लाडू डिंकाचे, पुष्कळ होणार आहेत, आणि आमच्या घरात आता एकही डबा उरलेला नाही. सगळे रणगाड्यात गेले. एक रिकामा डबा, झाकण घट्ट बसणारा, चिखलीकडं येणाऱ्या कोणा ड्रायव्हरजवळ द्या. गनरचं नाव आम्हाला ठाऊक नाही, म्हणून पार्सल यांच्याच नावानं जाईल, आणि आत चिठ्ठी राहील की लाडू कोणाचे आहेत, का आहेत, आणि गाडी थांबली की तोफ कोणत्या बाजूला ठेवायला गनरला सांगायचं. ती चिठ्ठी माझी. आजवर पत्रं सासूबाई सांगायच्या, मी लिहायची, आणि शेवटी सर्वांचा नमस्कार यायचा, त्या सर्वांत मी. पाकिटावर नाव मामंजी घालायचे. या वेळी ते म्हणाले, ज्याची चिठ्ठी त्यानं नाव घालावं, आणि छत्रीचं कापड घेऊन बाहेर गेले. पाऊसही नव्हता.

डबा नवमीपर्यंत आला नाही, तर रणगाड्याचा मागचा, इंजिनाचा भाग उकलून त्याचाच डबा करीन. सासूबाईंची परवानगी आहे, पाहून झालं म्हणाल्या. लाडू बसतील, मापून पाहिलं. नवमीला हत्यारांना हात लावायचा नाही, म्हणून हे दसऱ्याला, बुधवारी, हत्यारं पूजेतून उठली की. त्या दिवशी पोस्ट बंद, तेव्हा पार्सल गुरुवारी जाईल. पण त्यावरचं नाव मी बुधवारीच लिहीन.