कॅमेरा बंद असण्याचे कारण

पवनी, जि. भंडारा
दि. ९ फेब्रुवारी २०१९

चि. खुशबू हिला आशीर्वाद.

पत्राच्या आरंभी ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहिण्याची रीत आहे. ते वाक्य मी तूर्त वगळतो. कारण ओघाने येईल. हाताने लिहिलेल्या या पानांची छायाचित्रे तुला मोबाईलवर पाठवणार आहे, कारण आपल्या घरी फोनवर बोलणे म्हणजे सभा भरवणे. तुझी आई स्पीकर सुरू करते, शेजारच्या उषाबाई भाजी निवडत येऊन बसतात, आणि जे बोलायचे ते बाजूला राहून तिकडच्या थंडीवरच संभाषण संपते.

तू करुणाआत्याला पाठवलेला निरोप तिने काल सानगडीहून फोन करून मला वाचून दाखवला. त्यात तू लिहितेस: “बाबा महिनाभर कॅमेरा सुरू करत नाहीत, विचारले तर बिघडला म्हणतात, अर्थात ते रागावले आहेत. पदवीनंतर संशोधनासाठी इथे जर्मनीतच थांबण्याचा विषय मी डिसेंबरात काढला तेव्हा ते नुसते ‘पाहू’ म्हणाले, तेव्हाच मला समजायला हवे होते. म्हणून येत्या आठवड्याची तोंडी परीक्षा न देता, अभ्यासक्रम अर्धवट सोडून मी परत येते.”

निरोप वाचून झाल्यावर करुणा म्हणाली, “दादा, पोरगी तिकीट पाहून राहिली. आता तरी तोंड उघड.”

तू भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहेस. एका निरीक्षणावरून एवढा मोठा निष्कर्ष काढायला ड्रेस्डेनमधील कोणत्या प्राध्यापकाने शिकवले, हे जाणून घ्यायला मला आवडेल. कॅमेरा बंद होता, हे तुझे निरीक्षण बरोबर. तो बिघडला होता, हे माझे विधान खोटे. मी रागावलो, हा तुझा निष्कर्ष चूक. तो बंद होता, कारण माझ्या डोक्यावर केस नव्हते आणि ओठावर मिशी नव्हती. जन्मल्यापासून तू मला मिशीविना पाहिलेले नाहीस. पाहिले असतेस तर पुढचे काही सांगावे लागले नसते.

खुशबू, आजी गेली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. सकाळी चहा घेताना छातीत दुखते म्हणाली. गाडीने भंडाऱ्याला नेत होतो. अड्याळ मागे पडल्यावर तिने तुझ्या आईच्या खांद्यावर डोके टेकले, ते पुन्हा उचलले नाही. फार त्रास झाला नाही.

तुला कळवू नये हा निर्णय कोंढ्याहून आलेल्या तुझ्या मोठ्या बाबांचा. मी मोबाईल हातात घेतला तोच तुलारामदादांनी तो काढून घेतला. “थांब जरा. थे पोरगी काचेचं काम करून राहिली तिकडं. रडता रडता हात हालला तं सारंच गेलं. परीक्षा होऊ दे, मंग सांगू.” तुम्ही काचेवर बसवता तो थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, एवढेच त्यांच्या ध्यानात राहिले होते. हे काम हवा काढून घेतलेल्या बंद पेटीत यंत्र करते, हात तिथे पोहोचतच नाही, हे मला तुझ्याकडून ठाऊक होते. तरीही मी ते सांगितले नाही. अंगणात माणसे जमली होती आणि थोरल्या भावाशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती, असे मी त्या वेळी स्वतःला पटवले.

असत्य सांगायचेच ठरले तर ते निदान एकसारखे असावे, एवढी माझी अपेक्षा होती. तीही या घराने पूर्ण केली नाही. तुझ्या आईने तुला सांगितले की आजी झोपली आहे. त्याच संध्याकाळी करुणाने सांगितले की आजी सानगडीला तिच्याकडे आली आहे. तू साहजिकच म्हणालीस, दाखव. तेव्हा करुणाने जे केले ते लिहिताना मला अजूनही संताप येतो. तिने शेजारच्या सत्यभामाबाईंना आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजवले, वर आजीची घोंगडी घातली आणि तुला पाठ दाखवली. तू हाक मारलीस तेव्हा त्या खोकल्या. तू म्हणालीस, आजीचा खोकला वाढलाय, औषध द्या.

मी जाब विचारला तर म्हणाली, “मंग काय करू दादा? थे दाखव दाखव म्हणून राहिली. सत्यभामाबाई बी नाई म्हणे, म्या हात जोडले. बिचारी मंग रातभर रडली.”

यावर कोणती शिस्त लावावी, ते मला सुचलेले नाही.

आजीला तुझा अभ्यासक्रम कळावा म्हणून मी पुष्कळ परिश्रम घेतले. कार्बनच्या रेणूंचे थर काचेवर बसवतात, त्यांतून वीज खेळते, प्रकाश निघतो. पुढे असे पडदे कागदासारखे गुंडाळता येतील. तिने ऐकून घेतले आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे सांगत राहिली, “माही नात काचीवर ताणा लावते. थ्या कपड्यातून उजेड येते.” मी दुरुस्ती केली की म्हणायची, “तू गप राय. सारी उमर माग चालवला म्या. विणलेलं मले समजते.” ‘ऑरगॅनिक अँड मॉलिक्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ हे नाव मात्र तिने शेवटपर्यंत उच्चारले नाही. एवढ्या लांब नावाच्या पोरीशी लग्न कोण करीन, असे तिचे मत होते.

आता परीक्षेविषयी. तेरवी झाली. तुझ्या येण्याने होईल असे कोणतेही काम इकडे शिल्लक नाही. यायचे असेल तर आजीसाठी रडायला ये. माझी समजूत काढायला नको. प्राध्यापकांना सांगून परीक्षा पुढे ढकलता येत असेल तर ढकल, किंवा ठरलेल्या दिवशी दे. ते तू ठरव आणि मला फक्त कळव. पण माझ्या रागापायी सोडू नकोस, कारण तो राग अस्तित्वातच नाही. ‘पाहू’ म्हणालो तेव्हा माझे खरे उत्तर ‘तिथेच राहा’ असे होते. समोर तुझी आई बसली होती आणि तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी ‘पाहू’ हा शब्द वापरला. आता तो मागे घेतो. तुला संशोधन करायचे असेल तर तिथे राहा. आईला मी सांगेन; ती माझ्याशी चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

हे वाचून झाल्यावर एकटी बसू नकोस. तुझ्या खोलीशेजारी राहणाऱ्या त्या केरळच्या मुलीला बोलाव, रड आणि काहीतरी गरम खा.

एक गोष्ट राहिली. या पत्रात मी तिला सगळीकडे ‘आजी’ लिहिले आहे. तेरवीला आलेल्यांशीही मी तुझ्या आजीविषयी, करुणाच्या आईविषयीच बोलत होतो. ती माझी आई होती. या घरात मला नाव घेऊन हाक मारणारे आता कोणी उरले नाही, म्हणून सही नावाने करतो.

तुझा बाबा,
धनंजय