घंटेची कथा विज्ञानकथेत बसवताना

महाड, ८ ऑक्टोबर २००६

ती. चारुताईस,

अवधूतचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मान्य करून घे, माझी कंबर धरल्यामुळे सध्या नवऱ्याच्या पायात चपलाही चैत्रालीलाच सरकवाव्या लागतात.) तुझी तब्येत बरी असेल, भावोजींची साखर ताब्यात असेल आणि ते ती चोरून खात नसतील, असं धरून चालतो. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि माझा मुद्दा नेहमी वाटेत कुठेतरी चहाला थांबलेला असतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तर झालं असं, की आमच्या वाचनालयाने दिवाळीनिमित्त विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. कल्पना अध्यक्ष सुधीरशेठांची. त्यांनी औषधांच्या दुकानात कॉम्प्युटर आणल्यापासून ते एकविसाव्या शतकाबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. परीक्षक दोघे. कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून कथेसाठी मी, आणि विज्ञानासाठी आमचेच निषाद सर. (माणूस सज्जन. फक्त पंगतीला बसले की आमटी वरून का निवते ते सांगतात, आणि तोवर ती निवते.) पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, विज्ञानकथेची व्याख्या काय धरायची? मी गंभीर चेहरा करून मुदत मागितली आणि मुंबईला जाऊन पुस्तकं घेऊन आलो. परतताना वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसलो, तर पुस्तकांची पिशवी एका मावशींच्या सुक्या जवळ्याच्या पाटीखाली गेली. महाड येईपर्यंत सगळ्या व्याख्यांना जवळ्याचा वास. चैत्रालीने त्या गच्चीत वाळत घातल्या. आमच्या आळीतल्या मांजरांनी साहित्याविषयी एवढी आस्था पूर्वी कधी दाखवली नव्हती.

एका पुस्तकात म्हटलं होतं, विज्ञान काढून घेतल्यावर जी कथा कोसळते ती विज्ञानकथा. दुसऱ्यात, आज नाही पण उद्या शक्य आहे ते सांगणारी. तिसऱ्यात, विज्ञान निमित्त, खरा विषय माणूस. मला तिन्ही पटल्या, त्यामुळे व्याख्या ठरली नाही.

कथा तर पुष्कळ आल्या. एकीत परग्रहवासी रोपवेने रायगडावर जाऊन आले आणि हिरकणीवाडीत पिठलं-भाकरी खाऊन परतले. (सरांचा शेरा: पचनसंस्थेचा खुलासा नाही.) एकीत सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाखाली यानाचं इंजिन होतं. मला ती आवडली. सर म्हणाले, कुंड का तापतं ते शाळेच्या पुस्तकात आहे. सुधीरशेठांना यंत्रमानवाची कथा हवी होती, कारण बक्षिसाला पितळी यंत्रमानव त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

आणि एक कथा होती पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतल्या रंजिता नावाच्या अंगणवाडी सेविकेची. डोंगराला भेग पडते. वाडीतली माणसं भेगेवर तार ताणून तिचं टोक घंटेला बांधतात. पावसात डोंगर सरकतो, घंटा वाजते, माणसं बाहेर पडतात. कोंडाजी नावाचा म्हातारा गाभण म्हशीशिवाय हलायला तयार होत नाही, म्हणून तिलाही ढकलत नेतात. मग दरड येते. घरं जातात, माणूस एकही जात नाही, आणि सकाळी म्हैस शाळेच्या व्हरांड्यात विते.

सर म्हणाले, यात विज्ञान कुठे आहे? ही तर दाराची बेल झाली. मी म्हटलं, तार काढा, कथा कोसळते. ते म्हणाले, पंचांग काढलं तर लग्नही कोसळतं, म्हणून लग्नाला कोणी खगोलशास्त्र म्हणत नाही. शेवटी सुधीरशेठांनी लेखिकेलाच बोलावून घेतलं. कथेत एखादा यंत्रमानव घालता येईल का, हे त्यांना विचारायचं होतं.

ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. सरांनी विचारलं, "बाई, ही विज्ञानकथा आहे असं तुम्हाला का वाटतं?"

"ते मला नाय माहीत, सर. घडलेली गोष्ट हाय. मी फक्त घंटा घातली."

सुधीरशेठांनी चाचरत विचारलं, "आणि कोंडाजी?"

"माझा चुलता. गेल्या पावसाळ्यात गेला. म्हैस पण गेली." मग म्हणाली, "भेग आम्ही सगळ्यांनी बघितली होती. पण घर कधी सोडायचं, ते कोन सांगनार?"

यंत्रमानवाचा विषय कोणी काढला नाही. सरांनी कागद ओढला आणि विचारलं, "कथेत तार कशाला बांधलीत?"

"आंब्याला."

"आंबाही सरकेल. पक्क्या खडकात खुंटी हवी."

"मग खुंटी लिहिते," ती म्हणाली. दोघं कागदावर वाकून बसली आणि चहा निवला. का निवला ते सर सांगायला विसरले.

ताई, मी तिथे बसून विचार करत होतो. भुताच्या गोष्टीत मेलेला माणूस परत येतो. पुराणात देव त्याला उठवतो. हिच्या गोष्टीत चुलता मरतच नाही, पण त्यासाठी हिने कोणाचा धावा केला नाही, तार ताणली. दुःख तेच, मागणंही तेच. फक्त ते मागताना तिने, हे कसं जमलं असतं, याचं उत्तर शोधलं. माझ्या वाळवलेल्या पुस्तकांत हा फरक कुठेतरी असेलही, पण मला तो त्या खुर्चीच्या कडेवर सापडला. पहिला क्रमांक एकमताने तिला दिला. सर म्हणाले, व्याख्या पुढच्या वर्षी बघू.

आता आवरतो. चैत्राली म्हणते, एवढं लिहून होईपर्यंत ताई स्वतः येऊन गेल्या असत्या.

तुझा लांबण लावणारा भाऊ,
अवधूत

ता. क. — तुझ्या येऊन जाण्याचीच गोष्ट लिहायची राहिली. रंजिताच्या वाडीतली उरलेली घरं अजून तिथेच आहेत आणि वर नवी भेग दिसते आहे. सर आणि मी चढून पाहून आलो. (कंबर धरली ती त्यातच.) सरांची तार चालेल की नुसती कागदावर शोभेल, हे आम्हा दोघांनाही कळत नाही. तू जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवलंस. येत्या पावसाळ्याआधी ये, किंवा तुझा एखादा जाणता विद्यार्थी पाठव. सगळं पत्र यासाठीच होतं.

आणखी एक ता. क. — सुधीरशेठांना शंका आली आहे की घंटा खरोखर बसली तर ती विज्ञानकथा उरणार नाही, मग बक्षिसाचं काय? सर म्हणाले, नियमाने परत घ्यावं लागेल. मी भीतभीत रंजिताच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "बसवा तर खरी. मग खुशाल घेऊन जावा."