परीक्षकाचा चेहरा

सोमवार, २ जून

आज मला परीक्षक नेमलं! पगार नाही, झोपाळा माझाच.

झालं असं. वेदश्री, माझी नात, वकिली शिकून झालीय. आता पुढचं शिकायला आयर्लंडला जायचंय म्हणते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं सगळं जमतं पोरीला. बोलायची वेळ आली की घसरते. दोनदा घसरली. "अज्जी, समोरची बाई हसतच नाही गं! मान हलवत नाही. मी शहरातल्या गर्दीवर बोलतेय आणि ती माझ्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघतेय. मग मी वाक्य अर्ध्यावरच सोडते." परीक्षकानं तोंडावर काही दाखवायचं नाही, असा नियमच असतो म्हणे.

मग घरी सराव. आधी सुमंतसमोर बसली. सुमंत माझा मुलगा, तिचा अप्पा, कोर्टात वकील. तो प्रत्येक वाक्याला हरकत घेतो. मग निवेदितासमोर बसली. ती माझी सून, हुबळीत देशपांडे नगरातल्या एका दवाखान्यात नर्स. ती सगळ्यालाच "छान, छान, घाबरायचं नाही" म्हणते. दोघांनाही आपापल्या धंद्याची सवय.

राहिले मी. मला इंग्रजी येत नाही. इंग्रजी सोडा, मराठीतला क आणि कन्नडमधला क शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. तेव्हा कळलं म्हणून हसेन, ही भीतीच नाही! "अज्जी, तू एकदम परफेक्ट आहेस," म्हणाली. अडाणीपणाचं एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

हे सगळं मी मोबाईलला सांगतेय. मी बोलते, तो लिहितो, तारीखही तोच टाकतो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, म्हणून आमचं भांडण नाही.

बुधवार, ४ जून

तीन प्रश्न पाठ झाले. "टेल मी अबाउट युवर सिटी." मग "व्हाय?" मग "इज इट गुड ऑर बॅड?" मधला फार कामाचा. मिठासारखा, कशातही घाला.

वेदश्री स्टुलावर, मी झोपाळ्यावर. झोपाळा हलला की परीक्षक हलतो, म्हणून खाली पाट अडकवलाय. रोज नवे शब्द. एक दिवस शहराचे, एक दिवस कायद्याचे, एक दिवस सगळ्या जगाच्या काळज्यांचे. काळज्यांचे शब्द सगळ्यात लांब! आज शहराचा दिवस. कंजेशन झालं, पेडेस्ट्रियन झालं. माझं शहर म्हणजे दोन शहरं, हुबळी आणि धारवाड, असं ती म्हणाली — तेवढं मला नावांवरून कळलं. विचारलं, "इज इट गुड ऑर बॅड?" पोर बोटं मोडायला लागली. धारवाडच्या माणसाला हे कोण विचारतं!

नाकावर माशी बसली. बसू दिली.

"बाप रे अज्जी, काय भयंकर दिसतेस!" खूश झाली पोर.

आता माझी गंमत बघ. ती पास झाली तर जाणार. नापास झाली तर इथंच राहणार. ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणार कोण? सुमंत बोलत नाही, बाजू मांडतो. निवेदिता ड्युटीवरून येते ती अर्धी झोपलेलीच. आणि पोरीला पास करायला बसवलंय कुणाला — मला! नुसती रोज थोडी हसत राहिले तरी सराव बिघडेल. एक हसू, आणि पोर घरात.

नाही हसले. पण विचार आला, तो सांगून ठेवते.

गुरुवार, ५ जून

व्हाय घरात चालवून बघितला. सुमंत जेवताना म्हणाला, "आई, आज सारात काहीतरी कमी आहे." मी म्हटलं, "व्हाय?" घास हातात धरून विचार करत बसला. वकील असून!

आत निवेदिता भांडी घासत होती. आवाज थांबला.

सोमवार, ९ जून

आज भारतीची परीक्षा घेतली. ही पोर मूळची कलघटगीची, आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. तिलाही तीच परीक्षा द्यायचीय. खिडकीतून आमचं ऐकत होती आणि तिनं ठरवून टाकलं की मी रिटायर प्रोफेसर आहे! धारवाडात, त्यातून सप्तापुरासारख्या क्लासवाल्यांच्या वस्तीत राहून एवढं कमी बोलणारी म्हातारी दुसरी कोण असणार?

बसवलं स्टुलावर. "टेल मी अबाउट युवर सिटी." तिनं सांगितलं. "व्हाय?" आणखी सांगितलं. "व्हाय?" घाम पुसून आणखी सांगितलं. तिसऱ्या व्हायला कन्नडवर उतरली, "साकु अज्जी, साकु!" पुरे म्हणे.

मग मार्क विचारले. नऊपैकी असतात. मी बोटं दाखवली, सहा.

"साडेसहा करा की अज्जी."

कोथिंबिरीच्या जुडीवर दोन मिरच्या टाकतात तसा अर्धा टाकला. पाया पडून गेली.

वेदश्री आत तोंडात उशी धरून हसत होती. म्हटलं, अगं, खरं सांगू या तिला. तर म्हणते, "सांगितलंस तर ती घाबरायची नाही. मग तुझा उपयोग काय?" कायदा शिकलेली ना, बरोबर बोलते.

शुक्रवार, १३ जून

रांग लागली!! भारतीनं खोल्याखोल्यांत सांगितलं. दारात एवढ्या चपला, की कुरिअरवाल्यानं विचारलं, सत्यनारायण आहे का? पैसे मी घेत नाही. पेढे घेते.

ऐक आजचं. एक दाढीवाला पोरगा जगाच्या काळज्यांवर बोलता बोलता रडला. कुठं तरी बर्फ वितळतंय म्हणे, वेदश्रीनं नंतर सांगितलं. मी विचारलं, "इज इट गुड ऑर बॅड?" म्हणाला, बॅड. आणि डोळे पुसून हलका होऊन गेला. दुसरा कायद्याच्या शब्दांवर अडखळला. विटनेस, एव्हिडन्स करत करत मध्येच थांबला आणि सरळ मराठीत कबूल झाला, की खोलीतल्या मित्राचं लोणचं रोज तोच खातो. मी काहीच विचारलं नव्हतं! नुसती बघत होते.

साडेसहा दिले. लोणचं परत कर म्हटलं नाही. परीक्षकाला एवढं बोलता येत नाही.

मंगळवार, १७ जून

श्रीहर्ष सर आले. गल्लीच्या टोकाला इंग्रजीचा क्लास चालवतात ते. तापलेले!

"कोण मॅडम बसतात इथं? माझी निम्मी बॅच इथं येते!"

वेदश्री घरात नव्हती. मी पाटानं झोपाळा अडकवला, पदर सारखा केला, बोटानं सरांना स्टूल दाखवलं. बसले. बघत राहिले मी. ते बोलायला लागले — इंग्रजीत! फर्स्टक्लास असावं, आवाज तसाच होता. संपल्यावर म्हटलं, "व्हाय?"

पुन्हा बोलले. जरा हळू.

"व्हाय?"

रुमाल काढला. चष्मा काढला. मग एकदम मराठीत म्हणाले, "अज्जी, मी ही परीक्षा स्वतः कधी दिलीच नाही हो. इतक्या पोरांना पाठवलं. कमी मार्क पडले तर बोर्ड खाली उतरवावा लागेल. भीती वाटते."

चेहरा धरला. त्यांनीच विचारलं, "किती?"

साडेपाच.

"सहा तरी!"

मान हलवायची नाही, नियम आहे. जाताना पेढ्यांचा पुडा ठेवून गेले आणि दारात दोन्ही हात जोडून म्हणाले, "पोरांना सांगू नका." बिचारे. कुठल्या भाषेत सांगणार मी?

बुधवार, १८ जून

दुपारी घरात दोघीच. निवेदिताची आज सुट्टी. हात पुसत आली.

"अहो आई, मी पण बसू का? गंमत म्हणून. वेदश्रीचे शब्द ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसलेत."

बस म्हटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर अशी ती बसलेलीच नाही. बाजूला बसते, मागं उभी राहते, वाकून वाढते. समोर — आजच!

मी सुरू केलं आणि ती बोलत गेली. थांबली नाही, अडखळली नाही. आवाज बारीक, पेशंटला इंजेक्शन देताना बोलतात तसा. माझा मधला प्रश्न आला. ती बोलली. पुन्हा आला. पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा आला तेव्हा मराठीत म्हणाली, "चोवीस वर्षांत या घरात मला हे कुणी विचारलं नाही हो आई."

काय करणार? परीक्षक होते. सासू असते तर बोलले असते.

मार्क विचारले. आठची बोटं वर आली होती, दोन मिटली. सहा. सुनेला पहिल्या झटक्यात आठ देत नाहीत. हसली, उठली आणि नारळ खवायला गेली. सगळा नारळ खवून टाकला. अर्धाच लागणार होता.

गुरुवार, १९ जून

परवा परीक्षा. वेदश्रीनं आज नवा प्रश्न पाठ करून घेतला, "व्हाय डू यू वॉन्ट टु गो?" का जायचंय तुला? कॉलेजवालेही विचारतात म्हणे.

विचारला. तिनं स्तोत्र म्हटल्यासारखं उत्तर दिलं. ग्लोबल आलं, अपॉर्च्युनिटी आलं. इंग्रजी कळत नसलं तरी पाठांतर कळतं मला, माझं सगळं पाठांतरावरच चाललंय.

"व्हाय?"

पुन्हा ग्लोबल.

"व्हाय?"

मग भडकली. "अज्जी, कारण इथं मी तोंड उघडलं की समोरचा विचारतो, तू सुमंत वकिलांची ना? कोर्टात, बसमध्ये, पाणीपुरीच्या गाडीवरसुद्धा! मला एकदा अशा माणसासमोर बसायचंय, ज्याला मी कुणाची ते माहीत नाही."

आणि हे सांगितलं कुणाला? सख्ख्या आजीला, जिनं तिला पहिल्या दिवशी मांडीवर घेतलं! हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं. दोन्हीतलं काही तोंडावर आणलं नाही. तीच बघ ती वेळ — एवढंसं हसले असते, डोळे पुसले असते, तर पोर धावत येऊन गळ्यात पडली असती आणि परवा पुन्हा घसरली असती.

चेहरा धरला. "इज इट गुड ऑर बॅड?" विचारलं.

"गुड," म्हणाली.

आठ दिले. नातीला देतात.

शनिवार, २१ जून

गेली. निवेदिताही रजा काढून सोबत गेली, नवी कॉटनची साडी नेसून. दिवे लागायच्या वेळी परत आल्या.

वेदश्री दारातूनच ओरडत, "अज्जी, घात झाला! परीक्षक हसत होता! म्हातारा होता, सारखा हसत होता, मान हलवत होता, गुड गुड म्हणत होता! हसणाऱ्या माणसासमोर कसं बोलायचं याचा सरावच नाही मला!"

मग काय केलंस?

"त्याच्या डोक्यावरच्या पंख्याकडं बघितलं, तिथं तुझं तोंड लावलं आणि बोलत सुटले."

म्हणजे मी आज पंख्याला लटकले.

निवेदिता चपलाही न काढता पाटावर बसली. चार चपात्या खाल्ल्या. परीक्षा हिनं दिली, भूक तिला लागली!

रविवार, २२ जून

आज रांग परत पाठवली. परीक्षक आजारी आहे म्हणून सांगा म्हटलं.

शुक्रवार, २७ जून

पास! सात!! वेदश्रीनं मला झोपाळ्यासकट हलवलं. पाट निसटला. मी हसले, महिनाभराचं साठलेलं सगळं हसले, थांबेना. सप्टेंबरात जाणार. भारती पेढे घेऊन आली, तीही पास झालीय. साडेसहा, मी दिले होते तेवढेच! आता उद्या रांग कुठवर जाते बघ.

सुमंतनं लेकीच्या जाण्याचा मुहूर्त बघायला पंचांग काढलं. तेवढ्यात निवेदिताचाही फोन टिंग वाजला. बघितला, आणि फोन पदरात गुंडाळून परसात गेली. बराच वेळ आली नाही.

शनिवार, २८ जून

निवेदिताचे साडेसात! त्याच दिवशी, शेजारच्या खोलीत ती परीक्षेला बसली होती. तिकडच्या, आयर्लंडच्या एका दवाखान्यानं केव्हाच नोकरीला बोलावलंय, एवढी परीक्षाच राहिली होती. लेकीच्या आधी जाणार, ऑगस्टात.

दुपारी सुमंत कोर्टातून लवकर आला. कोट न काढता स्टुलावर बसला. पहिल्यांदाच.

"आई, ती खरंच जाणार म्हणते."

मी पाट अडकवला. चेहरा धरला.

"व्हाय?"