दगडी लॉजची कमान

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
परळी वैजनाथ, ता. १४ नोव्हेंबर १९९४

ति. सौ. कावेरीअक्कास,
धाकट्या शिवम्माचा शि. सा. न. वि. वि.

आमी सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे तुझी सून प्रणिता वाचून दाखवत असताना तू छातीवर हात ठेवून बसणार नाहीस. शुक्रवारी सकाळी आपल्या दगडी लॉजच्या भटारखान्यात गॅस पेटून स्फोट झाला. आवाज थर्मलच्या वीजकेंद्रापर्यंत गेला म्हणतात. भटारखान्याचं माळवद उडालं, शेजारच्या दोन खोल्यांची भिंत अंगणात आली, आणि स्टेशनरोडवरची मोठी कमान, माझ्या आजेसासऱ्यांनी निजामाच्या राज्यात बांधलेली, ती पण ढासळली. उतारू बरेचसे दर्शनाला गेलते म्हणून वाचले. दोघांना खरचटलं.

रामहरी, तुमच्या गावच्या त्रिंबक गवंड्याचा लेक, बारा वर्षं आमच्याकडं आचारी, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. अंबाजोगाईला दवाखान्यात आहे. कसं झालं म्हणून विचारशील. बिडी ओढत होता. गॅस गळत होता अन् हा आत बिडी ओढत होता. आणखी काय लिहू. घरच्यासारखा ठेवलता त्याला.

कंत्राटदार म्हणतो, सगळं पाडा, स्लॅब टाका, खाली गाळे काढा, आता लोकांना टीव्हीच्या खोल्या लागतात. ह्यांना ते पटायला लागलंय. मला नाही पटत. इमारत चुन्यातली आहे, चुन्यातच उभी राहील. तिकडं दुसरा कुणी जुना गवंडी असला तर बघ, आणि लवकर बघ. मला थांबता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, एवढंच मागते.
तुझी,
शिवम्मा

॥ श्री ॥
घाटनांदूर, ता. २३ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. शिवम्मास,
कावेरीअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं, बोलणं माझं.

तुम्ही सगळे वाचलात, वैजनाथाची कृपा. तुझ्या यजमानांना, शिवलिंगप्पांना सांग, इमारतीचं होईल ते होईल, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुझं पत्र शनिवारी आलं. नेहमीसारखं ओट्यावर वाचलं. तुझी पत्रं गल्लीला आवडतात, तू कुणाला काय बोलशील याचा नेम नसतो, म्हणून शेजारची कौशल्याबाई निवडायची भाजी घेऊन येऊन बसते. त्या दिवशी त्रिंबकपण आला होता. लेकाची काही खबर असेल म्हणून पायरीवर बसला होता. प्रणिता भराभरा वाचत गेली आणि बिडीपाशी आल्यावर तिला थांबता आलं नाही. वाचून गेली, मग जीभ चावली. त्रिंबकनं पुढचं ऐकलं नाही. उठला, पायताण घातलं आणि गेला.

परवा रामहरी दवाखान्यातून आला. दोन्ही हात पट्ट्यांत, कडी वाजवता येईना, कपाळानं दार वाजवत होता. बापानं उघडलं नाही. बारा वर्षं ज्यांचं अन्न खाल्लं त्यांचं घर पाडणाऱ्याला इथं जागा नाही म्हणाला. माय तर त्याची आधीच गेलेली. मी त्याला आपल्या गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलंय. प्रणिता घास भरवते.

तू गवंडी मागितलास ना. त्रिंबक स्वतःच निघालाय तुझ्याकडं. चुन्याचं काम त्याच्याइतकं जाणणारा इकडं आता दुसरा नाही.

एक विचारते. रामहरी बिडी कधीपासून ओढायला लागला? इथं कुणी त्याला ओढताना पाहिलं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, पत्राला उशीर करू नकोस.
कावेरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
परळी वैजनाथ, ता. ८ डिसेंबर १९९४

ति. सौ. अक्कास,
शिवम्माचा शि. सा. न. वि. वि.

त्रिंबक आला. पहिल्या दिवशी त्यानं कशाला हात लावला नाही, नुसता पडझडीतून फिरत राहिला. कंत्राटदार त्याला हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं कमानीचे पडलेले दगड एकेक करून अंगणात मांडले, कमान जमिनीवर निजवावी तशी. प्रत्येक दगडावर गेरूनं खूण केली. म्हणाला, ह्यातला एकपण दगड दुसऱ्याच्या जागी बसत न्हाई. ह्यांनी ते बघितलं आणि कंत्राटदाराला परत पाठवला. तेवढं एक बरं झालं.

आता चुना भिजत घातलाय. गूळ लागला, हिरडा लागला, आणि कच्च्या बेलफळांचा गर लागला. मी म्हणाले, बेल आमच्यात पिंडीवर वाहतात, तू भिंतीत घालतोस. तो म्हणाला, पानं तुमची, फळ माझं. माझ्याशी एवढंच काय ते बोलला पंधरा दिवसांत. गर मीच काढते. लई चिकट, हाताचा सुटत नाही.

मजुरी घ्यायला तयार नाही. पोरानं पाडलं ते बापानं उभं करायचं, मजुरी कसली, म्हणतो. भाकरी गावाहून आणलेल्या पिठाची स्वतः थापतो, आमचा चहा तेवढा घेतो, तो पण बाहेर उभं राहून. मला राग येतो. कशामुळं येतो ते विचारू नकोस.

तू बिडीचं विचारलंस. आता कोण कधी काय ओढतं त्याची मी काय पाळत ठेवते का? मला दुसरी कामं आहेत. रामहरीचे हात कसे आहेत ते मात्र लिही. उजवा मिटतो का ते लिही.

घाईत आहे. राग धरू नकोस, लोभ धर.
शिवम्मा

॥ श्री ॥
घाटनांदूर, ता. १९ डिसेंबर १९९४

चि. सौ. शिवम्मास आशीर्वाद.

हे पत्र लहान आहे, कारण प्रणिताला मी बाकीचं लिहू देत नाही.

उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पुढं बघू. गेल्या आठवड्यात तो मांजरसुंब्याला एका धाब्यावर काम मागायला गेला होता. हात बरे झाल्यावर येतो, निदान शब्द द्या, म्हणाला. धाब्यावाल्यानं नाव विचारलं, आणि परळीत लॉज उडवलास तोच का तू, म्हणून विचारलं. हा परत आला. इतक्या लांब तुझं बोलणं पोचलंय, शिवे. गोठ्याच्या दाराशी बसून असतो. बाप परळीला तुझी भिंत बांधतोय हे त्याला माहीत आहे.

मी त्याला सरळ विचारलं, बिडी ओढत होतास का. तो म्हणाला, मालकीणबाईंना विचारा.

बारा वर्षं तो तुला आई म्हणायचा ना? आता मालकीणबाई म्हणाला. म्हणून तुला विचारते. मला उलट उत्तर लिहू नकोस. खरं लिही.

कावेरी

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
परळी वैजनाथ, ता. ३ जानेवारी १९९५

ति. सौ. कावेरीअक्कास,
शिवम्माचा नमस्कार. कुठल्या तोंडानं करते ते पुढं कळेल.

प्रणिता, हे पत्र एकटीनं वाचू नकोस. ओट्यावर वाच. पहिलं पत्र वाचलं तेव्हा जेवढी माणसं होती तेवढी बोलाव, कौशल्याबाईला आधी. जोरात वाच आणि मधे थांबू नकोस.

रामहरी बिडी ओढत नव्हता. त्यानं जन्मात बिडी ओढली नाही.

आमच्या भटारखान्यात रोज चूल पेटवायच्या आधी धूप फिरवायची रीत आहे. धुपाटण्यात गोवरीचे निखारे घ्यायचे, बसवण्णाच्या तसबिरीसमोर धरायचं, चारी कोपरे फिरायचं, मगच काडी लावायची. सासूबाईंनी घालून दिलेली रीत, मी एक दिवस मोडू दिली नाही. त्या शुक्रवारी चाळीस माणसांचा नाश्ता होता, थर्मलच्या कंत्राटदाराचे पाहुणे. मी न्हाऊन ओल्या केसांनी अंगणात उभी, आणि उशीर झालेला. रामहरीनं भटारखाना उघडला आणि बाहेर येऊन म्हणाला, आई, गॅसचा वास येतोय, दारं-खिडक्या उघडून जरा थांबू. मी म्हणाले, तुला कामाचाच वास येतो. तो निखारे हातात घेऊन उंबऱ्यावर थांबला आणि परत म्हणाला, आज धूप बाहेरूनच दाखवू का. मी ओरडले. म्हणाले, बारा वर्षं झाली, अजून रीत शिकवायची का, जा आत.

तो गेला. मी सांगितलं म्हणून गेला.

नंतर धूर, माणसं, ठाण्यातला जमादार. जमादारानं विचारलं, आग कशी लागली. मी म्हणाले, बिडी ओढत असंल. तसं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं. संध्याकाळी लोक मलाच सांगायला लागले की तो बिडी ओढत होता, आणि मी मान हलवली. तीन दिवसांनी तुला पत्र लिहिलं तेव्हा मात्र मी शुद्धीवर होते, अक्का. विचार करून लिहिलं. पत्र ओट्यावर वाचतात हेपण मला माहीत होतं. गावात आपल्या घराचं नाव चांगलं राहावं एवढंच डोक्यात होतं. पायरीवर बाप बसला असंल हे नव्हतं.

त्रिंबक आला त्या दिवशी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, आधी भिंत उभी राहू दे, आता बोललीस तर गवंडी जाईल. मी ऐकलं. त्यांना दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं. महिनाभर मी त्या माणसाला बेलाचा गर काढून दिला आणि तो माझी कमान फुकट बांधत होता, लेकाचं पाप फेडायला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा त्याच्या परांचीखाली जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाली बोलावलं. अंगणात, गड्यांसमोर सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा माझ्याकडं बघत नव्हता, हातातल्या थापीकडं बघत होता. मग त्यानं एकच विचारलं. रामहरीनं किती वेळा सांगितलं व्हतं? मी म्हणाले, दोनदा. तो खाली बसला. मी त्याच्या पायाला हात लावायला वाकले तर त्यानं पाय आखडून घेतले.

उठल्यावर म्हणाला, कमानीच्या माथ्याचा चावीचा दगड बसल्याशिवाय खालचा लाकडी साचा काढता येत न्हाई, न्हाईतर आत्ताच गेलो असतो. पाच दिवस काम केलं, माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. दगड बसवला, चुना धरू दिला, साचा काढला. कमान उभी आहे. बघणारे म्हणतात, सांधा दिसत नाही. मग त्यानं ह्यांच्याकडून पहिल्या दिवसापासूनची सगळी मजुरी मागून घेतली. हे देताना मी बघत होते. सगळ्यांत जास्त लाज मला तेव्हा वाटली.

काल ठाण्यात जाऊन जबाब फिरवून आले. जमादार म्हणाला, बाई, आता कशाला. मांजरसुंब्याच्या धाब्यावर ह्यांना पाठवलंय, त्यांनीच जाऊन सांगावं म्हणून.

मला रामहरीला भेटायचंय. संक्रांतीला येते, तिळगूळ घेऊन. माफ कर म्हणणार नाही, नुसती समोर बसेन. त्याला विचार आणि लगेच कळव.

लोभ मागायची माझी आता पायरी नाही. असला तर ठेव.
शिवम्मा

॥ श्री ॥
घाटनांदूर, ता. ११ जानेवारी १९९५

चि. सौ. शिवम्मास,
कावेरीअक्काचे आशीर्वाद. ते लहानपणी दिले, परत घेता येत नाहीत.

पत्र ओट्यावर वाचलं. तू म्हणालीस तसं, न थांबता. कौशल्याबाई भाजी तशीच टाकून घरी गेली, आणि थोड्या वेळानं दुधाची चरवी घेऊन गोठ्याकडं गेली. इतके दिवस तिनं त्या पोराकडं पाहिलं नव्हतं.

त्रिंबक आधीच येऊन पोचला होता. मोटारीतून उतरला तो घरी न जाता सरळ आमच्याकडं आला. रामहरी उठून उभा राहिला. जेवायची वेळ होती. त्रिंबकनं प्रणिताच्या हातातलं ताट घेतलं, भाकरी दुधात कुस्करली आणि भरवायला लागला. त्याच्या नखांत अजून चुना होता. रामहरी म्हणाला, बाबा, हात धुवा आधी. तेवढ्यावर दोघं हसले, आणि मी आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो लेकाला घरी घेऊन गेला.

तुझा निरोप मी स्वतः जाऊन सांगितला. रामहरीनं ऐकून घेतला. तू खरं बोललीस ते बरं झालं म्हणाला, कमान चांगली झाली का तेपण विचारलं. मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायला लावते.

त्यांना म्हणावं, संक्रांतीला येऊ नका. त्या समोर बसल्या, तिळगूळ हातावर ठेवला, तर बारा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडातून निघंल, असू द्या, आई. अन् ते मला अजून म्हणायचं न्हाई.

मी तुझी बाजू घेऊन काही बोलले नाही. तू पण कुणाला पाठवू नकोस, तिळगूळही पाठवू नकोस. त्याला म्हणायचं असेल तेव्हा तो म्हणेल, नाहीतर नाही म्हणणार.

माझा लोभ आहे, तो मी ठेवीन. त्याचा मागू नकोस.
कावेरी