प्लॅस्टिकचं खेळणं, लाकडी क्लॅरिनेट

३ मार्च
दोष माझा नाही, प्लॅस्टिकचा आहे. वरचा सूर लावला की क्लॅरिनेट किंचाळतं. आजोबा महूला फौजी बँडमध्ये वाजवायचे, म्हणजे रक्तात तर आहेच. १४ एप्रिलला महूला जयंतीच्या कार्यक्रमात सोलो वाजवतो, असं मंडळाला सांगून मोकळा झालो. पप्पा पहिल्या रांगेत बसणार. आता स्टेप-अप मॉडेल, म्हणजे शिकाऊच्या वरचं, हवंच! लाकडी, पण बजेटमध्ये.
सकाळी पोहे खात खात रियाज. वर भरपूर सेव, नाहीतर त्याला पोहे कोण म्हणेल? प्रीती म्हणाली, आधी चूळ भरा. बायकोला काय कळतं संगीतातलं!

९ मार्च
सांवेर रोडला कारखान्यात लंचमध्ये क्लॅरिनेटचे रिव्ह्यू पाहिले. सगळे सांगतात, वाजवून बघून घ्या. नवशिक्यांसाठी ठीक आहे. मला केसमधलं मखमल पाहूनच कळतं.
मला शिकवणारे लक्ष्मीकांत सर म्हणाले, नवं कशाला, रोज एकच सूर लांब धरा आणि झालं की पुसून ठेवा. भला माणूस, पण जुन्या वळणाचा.

१६ मार्च, रविवार
बेटम्याच्या बँडवाल्याकडचं जुनं लाकडी आणलं. तो म्हणाला, भिया, आप भी फूंक के देख लो. हातात कचोरी होती, म्हटलं, जरूरत नहीं.
घरी वरचा सूर एकदम साफ! क्या बात है! प्लॅस्टिकचं प्रीतीला दिलं, खेळायला. तिने ते नळाखाली धुतलं. आतून सेव निघाली म्हणे, आणि बडीशेप. कंपनीचं पॅकिंगच खराब.

२७ मार्च
लाकडीही किंचाळायला लागलं. इंदूरची हवा लाकडाला मानवत नाही. मुरमुऱ्यांचं सेव-परमल खाऊन विचार केला, पण उपाय सुचला नाही.
स्वयंपाकघरातून प्रीतीचा सूर येतो. सर तिला फोनवर शिकवतात. माझं ऐकून गोडी लागली असणार.

५ एप्रिल
पप्पा तिचं ऐकत दारात उभे होते. म्हणाले, माझ्या बाबांसारखा सूर आहे. धुण्याचाच फरक, दुसरं काय! माझंही धुवायला काढलं. नुसतं नळाखाली नाही. बादलीत, साबणाच्या पाण्यात, रात्रभर.

६ एप्रिल
फुगलं. तुकडे एकमेकांत अडकले, निघेनात. गच्चीवर उन्हात ठेवलं.
संध्याकाळी: उभी चीर पडली. बेटम्यात फसवलं यार मला!

१४ एप्रिल
महूला सोलो झाला. प्रीतीचा.
पप्पा रडले. अध्यक्ष माइकवर म्हणाले, आजोबांचा सूर नातसुनेने राखला. मग मलाही स्टेजवर बोलावलं. वाटलं, सत्कार आहे. प्रीतीने पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. तिचं क्लॅरिनेट आतून पुसलं. सेवचा एक कण नाही निघाला.
वाईट वाटलं. खूप वाटलं.
सुदामा नगरला घरी पोचल्यावर प्रीतीने प्लॅस्टिकचं क्लॅरिनेट पुढे केलं. म्हणाली, वाजवा ना.
मी बेसिनपाशी जाऊन चूळ भरली.