दोन हाकांचा हुकूम

४ नोव्हेंबर १९०३, माळहट्टी

पोचलो एकदाचा! बेळगावहून निपाणीपर्यंत टांगा, पुढे दोन कोस बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. चिंतामणी जन्मभर कारकुनाच्या खुर्चीला चिकटून राहणार, असं आमच्या अनगोळात सगळे धरून चालले होते. आता म्हणावं, या आणि बघा. आजपासून मी प्लेगचा इन्स्पेक्टर! काम नीट झालं तर साहेब मला कायम करणार आहेत. आमच्या सौ. विनोदिनीनं डबाभर बेसनाचे लाडू दिलेत आणि ही वही. रोज चार ओळी लिहायच्या, परत आल्यावर ती वाचणार, असा तिचा हुकूम.

गावात उंदीर पडायला लागल्यापासून निम्मं गाव माळावर झोपड्या घालून राहिलंय. माझी राहुटीही तिथेच, एका पांगाऱ्याखाली. समोर तंबाखूची शेतं, आणि हवा अशी की दोन भाकऱ्या जास्त जाव्यात. गावचा तराळ, म्हणजे हाका-निरोपांचा चाकर, मष्णू माझ्या दिमतीला आहे. उंचापुरा, हसरा गडी, 'व्हय जी' यापलीकडे फारसं बोलत नाही. मला सायेब म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मीच मागे वळून पाहिलं, साहेब कधी आले म्हणून!

६ नोव्हेंबर

कायदा काय चीज आहे ते आज कळलं. कुणाच्याही घरात शिरावं, आजाऱ्याला उचलून निपाणीला प्लेगच्या छपरात पाठवावं, कौलं उतरवावीत, कडीला कुलूप घालून लाखेची मोहर ठोकावी. कोणी हूं की चूं करायचं नाही. ती मोहर साहेबांच्या लेखी परवानगीशिवाय फोडली तर तुरुंग, मग फोडणारा मी का असेना. पाटलाला अख्खं गाव टरकून असतं, तो पाटील आज माझ्यापुढे उठून उभा राहिला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ज्या घरात मेलेला उंदीर दिसेल त्या घरात औषध फवारेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. उंबऱ्याबाहेरून हाक मारायची. ओ आली तर माणसाला बाहेर घ्यायचं, नाही आली तर मोहर. हाका मारणं मष्णूचं काम. पण हा बाबा एकेका दारात तीन हाका मारतो, आणि दोन हाकांच्या मध्ये माणसाची विडी ओढून व्हावी एवढा थांबतो. कशासाठी, म्हणून विचारलं तर डोकं खाजवून म्हणाला, 'चाल हाय जी.' अशानं शिमगा उजाडेल! मी हुकूम दिला, यापुढे दोनच हाका, लागोपाठ, आणि त्या मी स्वतः मारणार. मष्णू हसून व्हय जी म्हणाला. उन्हं उतरायच्या आत अख्खी गल्ली बंद.

शेवटचं घर राजाबाई नावाच्या म्हातारीचं. उंबऱ्यावर उंदीर पडलेला, दार नुसतं लोटलेलं. 'घरात कोणी आहे का?' म्हणून मी दोनदा विचारलं. आतून कोंबडी कुरकुरली. कोंबडीची ओ कायद्यात बसत नाही, असं मी म्हणालो आणि आम्ही दोघंही हसलो. म्हातारी बहिणीकडे संकेश्वरला गेल्याचं लोक सांगत होतेच. लाख छान लागली.

८ नोव्हेंबर

सकाळी राजाबाईची लेक मालुबाई राहुटीशी आली. संकेश्वरहून मावशीचा माणूस आलाय, आई तिकडे पोचलेलीच नाही. मालुबाईला वाटतं ती कोंबडीसाठी मागे फिरली असेल. अंडी उबवायला, रवणाला बसलेली कोंबडी हलवली की अंडी नासतात, म्हणून म्हातारी निघताना चार वेळा मागे बघत होती म्हणे.

मी म्हटलं, बाई, मी स्वतः हाका मारल्यात, दोनदा. तर तिनं विचारलं, दोनच? मग खाली बसून सांगितलं. रोगराईच्या दिवसांत इकडे पहिल्या दोन हाकांना कोणी ओ देत नाही. मरीआई दारोदार हाका मारत फिरते आणि जो ओ देईल त्याला नेते. पण तिला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी हाक माणसाची. 'आये तिसऱ्या हाकंची वाट बघत बसली असंल वो सायेब. दार उघडा.'

अडाण्यांचा बाजार, दुसरं काय! मष्णूला फैलावर घेतलं, तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं. मग मेल्या, बोलला का नाहीस? तर म्हणतो, सायबाम्होरं काय बोलायचं जी. परवानगीसाठी साहेबांकडे ताबडतोब माणूस पाठवला. तोवर माझे हात बांधलेले आहेत.

९ नोव्हेंबर

भर दुपारी एकटाच त्या दारात गेलो. गल्लीत चिटपाखरू नाही. मोहर जशीच्या तशी. एक हाक मारली. थोडा थांबलो. दुसरी मारली.

तिसरी मारली नाही. आतून ओ आली असती तर मोहर फोडावी लागली असती. हे विनोदिनी वाचेल, वाचू दे. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो.

परत फिरलो आणि दहा पावलं गेलो नसेन, तोच मागून आवाज आला. 'घरात कोणी आहे का?' माझेच शब्द, माझीच ढब, आवाज मात्र म्हातारीचा, आणि दाराच्या आतून. मी धावत सुटलो, एक वहाण तिथेच राहिली. म्हातारी जिवंत असती तर तिनं ओ दिली असती, मला कशाला हाक मारेल? भासच तो. उन्हाचा भास.

११ नोव्हेंबर

साहेबांचा निरोप आला. पुढच्या आठवड्यात ते स्वतः येऊन पाहतील, तोवर मोहरेला हात लावायचा नाही. माझं नाव कायम करण्यासाठी वर पाठवलंय. अभिनंदन.

मालुबाई राहुटीसमोर उन्हात बसून आहे. लाडवांचा डबा न उघडता ठेवून दिला. दुपारी राहुटीच्या मागून पुन्हा तेच शब्द. दोनदा. मालुबाईला विचारलं, काही ऐकलंस का. ती म्हणाली, ओ देऊ नका.

१३ नोव्हेंबर

फोडली मोहर. दगड मीच घातला. साहेबांना तसं लिहून पाठवलंय, जाऊ दे नोकरी खड्ड्यात.

राजाबाई दाराच्या आतच बसलेली होती. भिंतीला टेकून, पायात वहाणा, डोक्यावर पदर, मांडीवर गाठोडं. निघायच्या तयारीत. काखेत ही एवढी गाठ. तिच्या लुगड्याच्या घोळातून कोंबडीची पिल्लं बाहेर आली, पिवळीधमक. मालुबाईनं एकेक उचलून ओटीत घेतलं, कोंबडीला बगलेत मारलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, 'अजून एक हाक मारायची हुती वो.'

देवा, मला माफ कर. दुसरं काय लिहू.

पायांना पिसवा चावल्यात. पोटरीभर.

१५ नोव्हेंबर

ताप. जांघेत गाठ— सुपारीएवढी. मष्णूला अजून ठाऊक नाही. कळलं की निपाणीचं छप्पर. मीच पाठवलीत तिथे माणसं, गाडीत घालून— एकही परत आलेलं नाही. नाही, मी जाणार नाही. कायदा माझ्यावर नको.

राजाबाईला माती दिली, तिचं घर रिकामं आहे, तिथे जाऊन राहतो. तिथे कोणी पाऊल टाकणार नाही. चार दिवसांत उतरेल ताप. विनोदिनी, काळजी करू नकोस—

१६ नोव्हेंबर बहुतेक

तांब्यातलं पाणी संपलं. एक कौल फुटलंय, तेवढाच उजेड. आतल्या खोलीत कोंबडी कुरकुरते. पण कोंबडी तर मालुबाईनं नेली—

चुकलो. छप्पर परवडलं. माणसं तरी असती. कोणी आलं तर जाईन मी त्यांच्याबरोबर. गळ्याशीही गाठ आलीय. आवाज फुटत नाही.

दुपार

'घरात कोणी आहे का?'

आली. तीच. ओ द्यायची नाही. तोंडावर हात—

पुन्हा. दोन झाल्या.

माणूस असेल तर तिसरी येईल. तिसरीला ओ देईन. थांब चिंतामणी, थांब—

मष्णूचा आवाज! बाहेर. सांगतोय कुणा नव्या सायबाला, मोहर फुटलीया, उंबऱ्यावर उंदीर हाय, आत जाऊ नगा. नवा साहेब विचारतोय, आणखी एक हाक मारू का. मार रे बाबा, मार— मष्णू म्हणतोय, 'न्हाय जी. जुन्या सायबांचा हुकूम हाय. दोनच.'

मष्ण्या मी आहे— मी आत— घसा— दारापर्यंत सरकतो—

कडी लागली. लाखेचा वास.

पावलं लांब गेली.

आता तिसरी हाक आली. स्पष्ट. तिसरी माणसाची असते, मालुबाईनं सांगितलंय, तिसरीला ओ द्यावी.

पण ती दाराबाहेरून नाही आली. आतल्या खोलीतून— मी ओ