निमित्त कोंबड्यांचं

४ मार्च

खोटं बोलले. तेही लेकीशी, फोनवर, न अडखळता!

तिचं नेहमीचंच. एकटी कशी राहतेस, कायमची इकडे ये, शिवणकाम पुरे आता. काहीतरी सबब हवी म्हणून म्हटलं, कशी येऊ गं, कोंबड्या आहेत ना. घरात कोंबडीचं पीससुद्धा नाही.

ती खूश! महिनाअखेरीला नातीला घेऊन कोंबड्या बघायला येते म्हणाली. जावईही येणार. भोगा आता.

५ मार्च

"मला यायचं नाही" — एवढंच तर म्हणायचं होतं. कॉलर वाकडी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी अर्धा तास भांडते. लेकीपुढे मात्र वाचा बसते. ती प्रेमाने बोलावते, हीच तर पंचाईत. तिच्या घरी सगळं आहे. पण तिथे मी पाहुणी. इथे खिडकीशी माझं मशीन आहे आणि दाराची कडी माझ्या हातात आहे. ती सोडायची नाही मला.

तर आता कोंबड्या. आणि त्याआधी खुराडं. विकतचं नको, मी काय कमी कपडे बेतलेत?

८ मार्च

कोंबडीवाल्याकडे टेप घेऊन गेले. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, ही शिस्त. एका कोंबडीची छाती, उंची, पंख पसरून रुंदी घेतली. कंबर सापडली नाही. तिने बोटाला चोच मारली.

कोंबडीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, हिला काय शिवायचंय?"

१२ मार्च

रद्दी पेपरावर कटिंग काढलं. चार भिंती, छप्पर, दार. वखारवाल्याने त्याबरहुकूम फळ्या कापून दिल्या. अंगणात जुळवायला बसले, तर प्रत्येक फळी प्रत्येक बाजूने इंचभर जास्त!

मग डोक्यात प्रकाश पडला. मी चारी बाजूंनी माया, म्हणजे शिवणीसाठीची जास्तीची जागा, सोडली होती. कापडाची माया शिवणीत आत दुमडते. फळी कुठे दुमडणार? हे कळायला मला सबंध सकाळ लागली.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. कोंबड्या ठेवणार की वासरू, असं विचारून गेली.

१३ मार्च

करवत म्हणजे कात्री नव्हे. अंगठ्याला चिंधी बांधून लिहिते आहे.

१७ मार्च

पहिला खिळा ठोकला आणि घाबरले. चुकला तर? उसवणार कसा? तीस वर्षांत मी उसवता येणार नाही असं काही शिवलेलं नाही. उद्या गिऱ्हाईक जाड होतं, बारीक होतं. तो खिळा उपटला. फळीला चीर गेली.

हार्डवेअरच्या दुकानातून नट-बोल्ट आणले, पिशवीभर. दुकानदार म्हणाला, पूल बांधताय का. हसा लेको! सगळं खुराडं बोल्टांवर उभं केलंय. दार तिरकं लागतं, छप्पर एका बाजूला उतरतं, पण उभं आहे. मी तीनदा लांब जाऊन बघितलं.

२० मार्च

तीन कोंबड्या आल्या. नावं ठेवली कॉलर, झालर आणि खिसा. तिघींनी खुराड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. संध्याकाळी बघते तर मशीनवर ओळीने बसलेल्या, आणि खाली गिऱ्हाइकाची पांढरी पँट!

एकेकीला उचलून आत नेलं. कॉलर दोनदा बाहेर आली. पँट तीनदा धुतली.

२४ मार्च

अंडं! चिंध्यांच्या टोपलीत, अजून गरम. झालरचं असावं, तीच मिरवत होती.

हातात धरून उभीच राहिले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. शेजारणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, अंडंच आहे ना. असू दे. आता लेक येऊ दे, कोंबड्या आहेत म्हणजे आहेत.

२९ मार्च

मंडळी आली. नात खुराड्याजवळून हलेना. खिसाला मांडीवर घेऊन जेवली. मी मनात म्हटलं, जिंकले!

जावई चहाचा कप घेऊन खुराड्याभोवती फिरत होते. फार बारकाईने बांधलंय म्हणाले. मी फुगले. बोल्ट कशाला, ते सांगितलं. पाना आणून दिला. आधी कुठला सोडायचा, तेही दाखवलं! कौतुक म्हटलं की माझं भान सुटतं.

अर्ध्या तासात सगळ्या फळ्या जमिनीवर.

"आई, हे तर आमच्या अंगणात आरामात बसेल," जावई म्हणाले. "उद्या टेम्पो सांगतो. कोंबड्यांसकट सगळेच जाऊ."

लेकीने मला मिठी मारली. म्हणाली, आता तर कोंबड्यांचीही काळजी मिटली. नात नाचायला लागली. मी काय केलं? बॅग भरायला घेतली! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा, आणि वर तो उचलायला मदतही मीच केली. भीती वाटते आहे.

३० मार्च

टेम्पो गेला. फळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या, नात जावयांबरोबर कोंबड्यांकडे बघत गेली.

माझी बॅगही टेम्पोत चढवली होती. टेम्पो निघायच्या आधी ती मी उतरवून घेतली आणि लेकीला एका दमात सांगितलं, "मला यायचं नाही. फोनवर सांगितलं तेव्हा कोंबड्या नव्हत्याच. मला माझ्या घरात राहायचंय."

ती पायरीवर बसली.

"आई, मी बोलावलं नाही तर तुला वाटेल, लेकीला आपण नकोसे झालो. म्हणून दर फोनला विचारत होते गं."

दोघीही हसलो. ती गेल्यावर मनाला थोडं लागलं, नुसतं विचारायचं म्हणून विचारत होती तर.